बावन्न टक्के

काटा बावन्नवर आहे, वायनो.
तू पन्नासच्या वर जाऊ देत नव्हतास.
पण एप्रिल आहे, बर्फ सुटलंय,
सुपिरिअरवरून आलेलं धुकं दुपारपर्यंत दारातून हलत नाही,
आणि तुझ्या आजोबांनी रचलेल्या तांबड्या दगडांच्या भिंतीत
कुठंतरी पाणी मुरतंय.
कुठं, ते चाळीस वर्षांत तुलाही सापडलं नाही.

मंगळवारी रात्री वीज गेली.
सकाळी खाली उतरले तर
डिह्युमिडिफायर मुका,
पंपाचा खड्डा काठोकाठ,
काकड्यांच्या बरण्यांच्या झाकणांवर दव.
आधी कपाट आठवलं.
पाय भिजलेत हे मग कळलं.

किल्ली तू ठेवलीस तिथंच आहे.
कुठं ते इथं लिहीत नाही,
आर्विडची पोरं आता वाचायला शिकलीत.

आत सिलिकाचे दाणे गुलाबी झाले होते.
निळे म्हणजे कोरडे, गुलाबी म्हणजे पोट भरलं,
हे तू मला इस्पितळात शिकवलंस,
नाकात नळी असताना,
जणू बोलण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.
"दोन तास ओव्हनमध्ये. अडीचशेच्या वर नको."
मी मान हलवली.
"फोमच्या पेट्या फेकून दे, ओल धरतात.
चामड्याच्या म्यानातही नको.
कपाट काँक्रीटला टेकू देऊ नकोस, खाली ठोकळे."
मी मान हलवली.
"आणि उघडा हात पोलादाला लावायचा नाही.
घामात मीठ असतं."
मग नर्स आली.

तर ज्या ओव्हनमध्ये वेलचीचा पाव भाजते
त्यात तुझे दाणे निळे होत होते
आणि मी हातमोजे घालून
एकेक बंदूक टेबलावर घेतली.
रिकामी आहे ना, दोनदा बघितलं.
पॉइंट बावीस, ठीक.
तुझ्या बापाची दुनळी,
तिला काय धाड भरलीय, ती आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल.
हरणांची तीस-तीस.
तिच्या चापाच्या वर, डाव्या अंगाला
तांबूस डाग.

दिवा जवळ घेतला.
डाग कसला, रेषा होत्या.
गोल गोल, आत आत जाणाऱ्या,
मधोमध आडवा व्रण,
शेडच्या दारात कुऱ्हाड निसटली होती तो.

म्हणजे उघडा हात.
गेल्या नोव्हेंबरात
आर्विड एकटाच जंगलात गेला
आणि तू तासभर इथं खाली होतास.
मला वाटलं, पंप बघतोयस.

हेनिंगच्या दुकानात फोन लावला.
"पितळी ब्रश, थोडं तेल, दहा मिनिटांचं काम," म्हणाला.
"तशीच विकलीत तर चाळीस डॉलर कमी."
विकायची नाही म्हटलं.
कसला डाग आहे, ते सांगितलं.
पलीकडे बराच वेळ कुणीतरी काडतुसांचे खोके रचत होतं.
"तेल लावा," तो म्हणाला.
"घासू नका. तेलानं गंज आहे तिथं थांबतो.
पण दर महिन्याला लावावं लागेल, ऐली. विसरून चालणार नाही."

तुझ्या जुन्या बनियनची चिंधी,
तिच्यावर एक थेंब.
टेकवली फक्त.
मोजा काढावासा वाटला.
काढला नाही. तुझाच नियम.

कपाट लावलं. दाणे आत, कोमट.
संध्याकाळी यंत्राची बादली भरली,
एवढं पाणी या खोलीच्या हवेत होतं
आणि मी त्यातच उभी होते.
पायरीजवळच्या रूबार्बला ओतलं,
लाल कोंब आत्ताच वर आलेत.

काटा एकावन्न.
झोपायच्या आधी परत एकदा उतरीन.